'मॅनेज झालंय' म्हणजे नक्की काय झालंय?

आज एका शब्दाशी भांडायचंय. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो आपल्या तालुक्यातल्या चहाच्या टपरीपासून जिल्हा परिषदेच्या पायरीपर्यंत सगळीकडे मराठीच झालाय. शब्द आहे 'मॅनेज'.

दिवसभरात हा शब्द किती ठिकाणी ऐकू येतो बघा. बाई म्हणते, पगार उशिरा झाला पण महिना मॅनेज केला. पोरगं म्हणतं, क्लास आणि कॉलेज दोन्ही मॅनेज करतोय. लग्नघरात जेवणावळीला शंभर माणसं जास्त आली, आचाऱ्याने मॅनेज केलं. इथपर्यंत ठीक आहे. पण त्याच टपरीवर, त्याच आवाजात पुढची वाक्यं येतात. टेंडर मॅनेज झालंय. साहेब मॅनेज आहेत. वॉर्ड मॅनेज केला. पेपर मॅनेज होतो. पत्रकार? तो तर कधीच मॅनेज झाला!

माझं भांडण इथे आहे. तुटपुंज्या पैशात घर चालवणारी बाई आणि सरकारी पैशावर डल्ला मारणारा ठेकेदार, दोघांसाठी आपण एकच शब्द वापरतो. मराठीत यासाठी शब्द कमी होते का? चांगल्या कामाला सांभाळणं, निभावणं, भागवणं, जुळवणं, आवरणं. वाईट कामाला लाच, वशिला, संगनमत, साटंलोटं, फोडाफोडी, दमदाटी. एका 'मॅनेज'ने या दोन्ही रांगा गिळल्या. फायदा कोणाचा झाला? बाईचा नक्कीच नाही. 'लाच दिली' म्हणताना जीभ अडखळायची. 'मॅनेज केलं' म्हणताना कॉलर ताठ होते.

या शब्दाचा उगमही बघण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात. त्यावरून इटालियन भाषेत घोडा हाताळणं, त्याला वळण लावणं यासाठी क्रियापद झालं आणि सोळाव्या शतकात ते इंग्रजीत आलं. म्हणजे मुळात हा शब्द घोडा आणि लगामाचा. तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं, 'गाव मॅनेज आहे', तर एवढंच विचारा, की यात घोडा कोण?

आता उदाहरणं घेऊ, सगळी जाहीर झालेली. २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायत निवडणुका लागल्या होत्या. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली लागली, २ कोटी ५ लाखांपर्यंत गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत आकडा ४२ लाख होता. गावच्या भाषेत हे काय होतं? 'निवडणूक मॅनेज'. भांडण नको, खर्च नको, पैसा देवळाच्या कामाला लागेल, असा सगळा गोड हिशेब. राज्य निवडणूक आयोगाने मात्र याला लिलाव म्हटलं आणि जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बिनविरोध निवडणुकीला माझा विरोध नाही. गावाने एकत्र बसून चांगला माणूस निवडला तर आनंदच आहे. पण ज्याच्याकडे २ कोटी नाहीत, त्याचा उभं राहायचा हक्क विकणारे तुम्ही कोण?

दुसरं उदाहरण. २०१९-२० ची शिक्षक पात्रता परीक्षा. नापासांना पैसे घेऊन पास केल्याचं प्रकरण पुणे सायबर पोलिसांनी बाहेर काढलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. पुढे सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. आपल्या गावातली जी पोरं अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत बसतात, त्यांच्या कानावर रोज काय पडतं? 'अभ्यास कर, पण मॅनेजचंही बघून ठेव.' हे सांगणारा पोराच्या काळजीनेच सांगतो. आणि तिथेच त्या पोराचा अभ्यासावरचा विश्वास मरतो.

टेंडरचं तर विचारूच नका. कागदावर निविदा तीन, दर थोडे थोडे वेगळे, आणि तिन्हींच्या मागे मंडळी एकच. किंवा मोठ्या कामाचे तुकडे पाडायचे, म्हणजे ई-निविदेची मर्यादाच लागत नाही. सगळे म्हणतात 'मॅनेज झालं'. २००२ च्या स्पर्धा कायद्यात निविदेतल्या संगनमताला चक्क बंदी आहे. म्हणजे कायद्याने त्याला नाव दिलंय, आपणच ते नाव घ्यायला लाजतो. पहिल्या पावसात रस्ता उखडतो तेव्हा 'खड्डे पडले' म्हणून ओरडतो. अहो, ते खड्डे टेंडर उघडलं त्याच दिवशी पडले होते.

आता कोणी म्हणेल, तुमच्या धंद्याचं काय? सांगतो की. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या 'पेड न्यूज'ची चर्चा देशभर झाली. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली होती. २०१० मध्ये तिने सविस्तर अहवाल दिला, पण कौन्सिलने पूर्ण अहवाल लगेच बाहेर येऊच दिला नाही. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यावर तो लोकांसमोर आला. बातमी मॅनेज कशी होते याचा अहवालच दाबून ठेवला गेला! ही आमच्या धंद्याची लाज आहे आणि ती मी झाकणार नाही.

गंमत म्हणजे याच शब्दाचं मराठी रूप, 'व्यवस्थापन', कायद्याने तुमच्या-माझ्या हातात दिलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. शाळेचा पैसा कुठे जातो, शिक्षक वेळेवर येतात का, हे बघायचा अधिकार त्या समितीला आहे. तुमच्या शाळेच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, माहीत आहे? की सह्या घरोघरी फिरून मॅनेज झाल्या? जिथे लोक बसतात तिथे व्यवस्थापन होतं. लोक उठून गेले की उरतं ते मॅनेज.

'भाऊ, सिस्टीमच अशी आहे, आम्ही काय करणार?' हे उत्तर मला पाठ आहे. अडलेला माणूस पैसे देतो, त्याला मी चोर म्हणत नाही. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत तक्रार केली की सुटका आहे. लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे सगळं सोपं आहे असं नाही. पण हातात काहीच नाही हे खोटं आहे.

सुरुवात मात्र जिभेपासून करू. कोणी 'मॅनेज झालंय' म्हणालं की हसून मान डोलवू नका. दोनच प्रश्न विचारा: कोणी केलं? आणि कशाच्या बदल्यात? टेंडर असेल तर संगनमत म्हणा. साहेब असेल तर लाच म्हणा. वॉर्ड असेल तर मतं विकत घेतली म्हणा. बातमी असेल तर विकली म्हणा, माझी असली तरी म्हणा. आणि 'मॅनेज' हा शब्द त्या महिना ओढणाऱ्या बाईला परत करा. तिचा तो हक्काचा आहे.

तुमच्या गावात हा शब्द कुठल्या कामाला वापरतात, कमेंटमध्ये लिहा. कागद असेल तर मेसेज करा. कागद असेल तर बातमी होईल, हा माझा शब्द. आणि तो मॅनेज होणार नाही.