नदीकाठची पंगत आणि नदीचा हिशेब

सुटीचा हंगाम आला की पुण्या-मुंबईच्या मोटारी पसरणीचा घाट चढू लागतात. वेण्णा तलावाच्या काठी भाजलेली कणसे नि स्ट्रॉबेरीचे पेले हातोहात खपतात आणि तापोळ्याला शिवसागराकडे तोंड करून ताटे मांडली जातात. पाण्याशेजारी बसून चार घास खावेत ही इच्छा मात्र नवी नव्हे. माहुलीच्या नि हरिपूरच्या संगमावर, औदुंबरच्या घाटावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी शिदोऱ्या सोडल्या आहेत. फरक इतकाच की, शिदोरी सोडणारा नदीचे दर्शन विकत नसे. आज ते विकले जाते, आणि विकल्या जाणाऱ्या वस्तूचा हिशेब विचारणे क्रमप्राप्त ठरते.

या व्यवसायाची बाजू दुर्बळ आहे असे मुळीच नाही. कोयनेच्या जलाशयाखाली ज्यांची शेते गेली, त्यांच्या वंशजांना त्याच पाण्याच्या काठी पिठले-भाकरीच्या चार थाळ्या विकून गावात राहता येत असेल, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. तरुणांनी मुंबईची वाट धरण्यापेक्षा हे केव्हाही बरे. परंतु ज्या उपाहारगृहांसाठी काठ सपाट करून काँक्रीट ओतले जाते, त्यांचे समर्थन या गरिबाच्या चुलीआड दडून करता येणार नाही.

नदीला स्वतःची मर्यादा आहे आणि तिची नोंद सरकारदप्तरी आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम नको, हा नियम कोणाच्या लहरीतून आलेला नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या महापुरांनी तो सांगलीकरांच्या घराघरांत शिरून समजावला आहे. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नदीच्या वाटेत उभारलेली प्रत्येक भिंत पाण्याला दुसऱ्या कोणाच्या तरी उंबऱ्याकडे ढकलते.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित झाला. तेथली वेण्णा कण्हेरच्या धरणातून उतरून माहुलीला कृष्णेस मिळते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना येते. आणि तेच पाणी पुढे सांगलीच्या नळाला चढते. वरच्या गावी खरकटी भांडी कोठे विसळली जातात, ही म्हणूनच केवळ वरच्या गावाची खासगी बाब उरत नाही. नगरपालिकांचे नि कारखान्यांचे सांडपाणी याहून कितीतरी अधिक आहे, हे खरे. पण मोठा अपराधी मोकळा आहे म्हणून लहानाला सूट द्यावी, हा न्याय कोणत्या शाळेत शिकवावा?

एक गोष्ट येथे ध्यानी घेण्याजोगी आहे. कृष्णाकाठच्या जेवणाची कीर्ती ज्या वांग्यांवर उभी आहे, ती वांगी मळीच्या जमिनीत पिकतात आणि ती मळी पुराबरोबरच येते. ज्या पुराला काठावरचा मालक भितो, त्यानेच त्याच्या ताटातील भरल्या वांग्याला चव दिली आहे. मळीवर काँक्रीट घातले तर देखावा उरेल, पण त्या देखाव्यासमोर वाढण्याजोगे काठाचे असे काही उरणार नाही.

तेव्हा मागणी बंदीची नाही, शिस्तीची आहे. निळ्या रेषेच्या आत पावसाळ्यापूर्वी उचलून नेता येतील असे मांडवच असावेत. स्वयंपाकघर नि शौचालये रेषेबाहेर असावीत. सांडपाण्याची व्यवस्था पाहिल्याविना परवाना मिळू नये. आणि घाटाची वाट सर्वांना खुली राहावी, कारण पाण्याकाठी बसण्यासाठी थाळीचे पैसे मोजण्याची ऐपत प्रत्येकापाशी नसते. यशवंतराव चव्हाणांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कृष्णाकाठ’ हे नाव दिले, तेव्हा तो काठ देवराष्ट्रे-कऱ्हाडच्या साध्या माणसांचा होता. तो त्यांचाच राहील एवढे पाहणे ग्रामपंचायतींच्या नि जिल्हा प्रशासनाच्या हाती आहे. त्यासाठी नवा कायदा नको. आहे तो पाळला तरी पुरे.