अब्बांची कॅप्रिस आणि क्राउन-पिनियनचा वाद



या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक आम्ही दोनदा वाचले. पत्र कुवेतहून आले आहे. लिहिणारी भगिनी मूळची दापोलीकडची. तिच्या मरहूम अब्बांची १९७९ सालची शेव्हरोलेट कॅप्रिस अजून दारात उभी आहे. अम्मींची इद्दत संपली आणि त्यांनी एकच इच्छा सांगितली : उमऱ्याला जायचे ते याच गाडीतून. अब्बा सगळ्यांना याच गाडीतून नेत असत. पण आता गाडीला पिकअप राहिलेला नाही. मेकॅनिक म्हणतो, मागचे क्राउन-पिनियन २.५६ चे आहे, ते काढून ३.७३ चे घाला, गाडी उडेल. धाकटा भाऊ तयार आहे. थोरला म्हणतो, अब्बांच्या गाडीला कोणी हात लावायचा नाही. दोघे एका दस्तरखानावर बसतात, पण बोलत नाहीत. "तुम्हीच सांगा, बरोबर कोण?"

भावांचे आम्ही काय सांगणार! पण क्राउन-पिनियनचे सांगता येईल.

२.५६ म्हणजे काय? पिनियनला १६ दाते आणि क्राउनला ४१. प्रोपेलर शाफ्ट अडीच फेऱ्यांहून थोडा जास्त फिरतो तेव्हा मागची चाके एक फेरी पुरी करतात. ३.७३ मध्ये हेच ११ आणि ४१. आकडा जितका मोठा तितका चाकावर जोर जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाची धावपळही जास्त. एका हाताने मिळते ते दुसऱ्या हाताने जाते.

आता अमेरिकेतल्या त्या कारखान्याने एवढ्या जड गाडीला इतका लहान आकडा का दिला? १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, अमेरिकेत पेट्रोलसाठी रांगा लागल्या. पुढे कायदा झाला आणि १९७८ च्या मॉडेलपासून कंपन्यांना सरासरी अ‍ॅव्हरेजचे बंधन आले. इंजिन सावकाश फिरले की पेट्रोल वाचते, म्हणून आकडे खाली आणले. कुवेतमधल्या त्या गाडीच्या पोटात असे अरबांच्याच तेलबंदीचे दाते बसले आहेत, याची आम्हांला गंमत वाटते.

शिवाय गाडी ऑटोमॅटिक आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडी जागेवरून हलताना तो आतल्या तेलाच्या फिरण्यातून इंजिनाचा जोर सुमारे दुप्पट करून पुढे देतो. हातगिअरच्या गाडीला उचल घ्यायला जो मोठा आकडा लागतो, तो इथे लागत नाही. गॅरेजमध्ये हे बहुतेक वेळा विसरले जाते आणि हातगिअरच्या गाडीचा सल्ला ऑटोमॅटिकला दिला जातो.

हिशेब करू. गाडीला २१५/७५ मापाचे १५ इंची टायर असतील तर चाकाचा घेर सुमारे २.२१ मीटर. ताशी १२० किलोमीटरला चाक मिनिटाला ९०५ फेऱ्या घेते. या गाडीच्या टर्बो ३५० गिअरबॉक्सचा तिसरा, म्हणजे शेवटचा, गिअर सरळ एकास एक आहे. म्हणून २.५६ ला इंजिन सुमारे २,३०० फेऱ्यांवर, ३.०८ ला २,८०० वर आणि ३.७३ ला ३,४०० वर फिरेल. कन्व्हर्टर थोडा घसरतोच, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे आणखी वर जातील. सौदीच्या सरळ रस्त्यावर, एसी चालू ठेवून, दिवसभर ३,४००! पेट्रोल जाईल ते जाईल, पण मागे बसलेल्या अम्मींच्या कानांचे काय? पत्रात त्यांची एकच अट आहे, गाडीचा आवाज तोच राहिला पाहिजे. ३.७३ आम्ही इथेच बाद करतो.

मग थोरला भाऊ बरोबर? पूर्ण नाही. २.५६ फारच सुस्त आहे. शहराच्या गर्दीत, चढावर, कन्व्हर्टर जास्त घसरतो, गिअरबॉक्सचे तेल तापते आणि उन्हाळ्यात ते तेलच गिअरबॉक्सचा जीव असते. ३.०८ (४० आणि १३ दाते) हा आमच्या मते या गाडीचा योग्य आकडा : पहिल्या गिअरचा जोर पाचव्या हिश्शाने वाढतो आणि रस्त्यावरची शांतताही फारशी जात नाही. तायफहून मक्केकडे उतरतानाही फरक पडेल. तायफ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर, मक्का ३०० मीटरच्या आत. अस-सैल अल-कबीर, म्हणजे कर्न अल-मनाझिल, हा नज्दच्या दिशेने येणाऱ्यांचा मीकात. तिथे एहराम बांधून पुढे उतरताना लिव्हर दुसऱ्यावर ठेवला की इंजिन गाडीला अडवून धरते, ब्रेक तापत नाहीत. हे अडवणे २.५६ ला कमी, ३.०८ ला बरे.

पण भगिनी, आमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. अब्बा हयात असताना हीच गाडी याच दात्यांवर मक्केला जात होती ना? तेव्हा पिकअप होता. मग दाते तर बदललेले नाहीत, बिघडले काहीतरी दुसरेच. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती गाडीला खालच्या गिअरमध्ये आणते. ती सैल झाली किंवा तुटली की गाडी वरच्याच गिअरमध्ये रडत राहते. ती आधी बघा. मग गिअरबॉक्सचे तेल बघा, जळका वास येतो का ते. टायर मूळ मापाचेच आहेत ना, तेही पाहा. मोठे टायर घातले की २.५६ आणखी लहान झाल्यासारखे वागते.

मेकॅनिकचा आकडाही पडताळून घ्या. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडे लावून, लिव्हर न्यूट्रलमध्ये, मागचे एकच चाक जॅकवर. डिफरन्शिअल साधे असेल तर ते चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. जितक्या फेऱ्या, तितका आकडा. हे दोघा भावांनी मिळून करावे, एकाने चाक फिरवावे, दुसऱ्याने मोजावे. एकट्याने होत नाही.

एवढे करूनही दाते बदलायचे ठरले, तर ते उमऱ्याहून परतल्यावर. क्राउन आणि पिनियन जोडीनेच येतात. एकाचे लग्न दुसऱ्या जोडीतल्याशी लावू नये, आयुष्यभर कुरकुर ऐकावी लागते. २.५६ वरून वर जाताना या अ‍ॅक्सलमध्ये आतली केसिंगही दुसरी लागते, ती धरूनच खर्च विचारा. दात्यांमधली फट मोजल्याशिवाय झाकण लावू देऊ नका. स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या शेपटाकडून चालतो. तिथले लहान दातेरी चाक बदलले नाही तर खऱ्या १०० ला तो १२० दाखवेल. आणि नव्या दात्यांना पहिले काहीशे किलोमीटर हळू, थांबत थांबत चालवावे लागते. मक्केचा लांब प्रवास ही त्याची जागा नव्हे.

केबल बघून झाली की कळवा. अम्मींना आमचा सलाम सांगा आणि दुआत आठवण ठेवा.