परश्याची खोली

उरवड्यात आमच्यातल्या एकाच्या घरी परवा 'अशी ही बनवाबनवी' लावला होता. पिरंगुटच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं, त्यांच्या बायका, दोन म्हाताऱ्या, असे आम्ही दहाएक जण होतो. संवाद पाठ असूनही सगळे पोट धरून हसत होते. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एका पोराला भाड्याची खोली नाकारली गेली होती. मालकाने पगार विचारला, लग्न झालंय का विचारलं आणि शेवटी आडनाव विचारलं. मग म्हणाला, "कळवतो." सिनेमा संपल्यावर तो पोरगा एवढंच म्हणाला, "यांना आडनावावरून कुणी अडवलं नाही."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहोत.

सचिन पिळगांवकर यांचा हा सिनेमा 1988 चा. तो 'बीवी और मकान' या 1966 च्या हृषीकेश मुखर्जींच्या हिंदी सिनेमावर बेतलेला. चार मित्र, पुण्यात खोली हवी, घरमालकीण लीलाबाई काळभोर यांची अट एकच : बिऱ्हाड नवरा-बायकोचं हवं. मग दोघे साडी नेसतात आणि पुढे चार प्रेमं जुळतात. अनेक जोड्यांच्या प्रेमविनोदाचं बळ इथे स्पष्ट दिसतं. एकच नायक सगळी जागा खात नाही. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी, अश्विनी भावे, सगळ्यांना वाटा मिळतो. शिवाय घरटंचाईसारखा खरा प्रश्न हसत हसत घराघरात पोचतो. हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण या प्रकाराची खोटही इथेच आहे. जोड्या अनेक असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला मिनिटं थोडी येतात. माणसं साच्यातली होतात. मुली बऱ्याचदा शेवटी वाटायच्या बक्षिसासारख्या उरतात. आणि प्रेमाच्या आड येणारी अडचण अशी निवडावी लागते, जी शेवटच्या रिळात सुटेल. सोंग उघडं पडलं की सुटते, गैरसमज दूर झाला की सुटतो. जात तशी सुटत नाही, म्हणून ती कथेतच घेतली जात नाही. 'सलाम-ए-इश्क'मध्ये (2007) तर सहा प्रेमकथा होत्या. आपल्याकडे प्रेम म्हटलं की पहिला प्रश्न "कुणाची मुलगी? कुणाचा मुलगा?" असा येतो. मग या सिनेमांना तो का पडत नाही?

खोलीसाठी ओळख लपवणं आम्हाला नवीन नाही. 1917 साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना कुणी जागा देईना. पारशी नाव लावून ते पारशांच्या विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि बाहेर पडावं लागलं. दोन मित्रांनीही सबबी सांगितल्या. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सोंग तेच. सिनेमात ते उघडं पडलं की हशा पिकतो, बडोद्यात काठ्या आल्या.

आता दोन परश्या पाहा. 1988 च्या परश्याला साडी नेसून का होईना खोली मिळते, कमळीही मिळते. 2016 च्या 'सैराट'मधल्या परश्याला हैदराबादेत घर मिळतं आणि त्याच घरात त्याचा आणि आर्चीचा खून होतो. म्हणजे मराठी पडद्यावर जातीबाहेरचं प्रेम उघडपणे आलं, की ते मरण घेऊन येतं. हसण्याचा, भांडून पुन्हा गोड होण्याचा, सासूला फसवण्याचा हक्क त्याला नाही का?

"विनोदात जात कशाला आणता?" असं आम्हाला विचारलं जाईल. आम्ही ती आणत नाही. खोली दाखवताना मालकच आणतो. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा इलाज, असं बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिनिर्मूलना'त सांगितलं. लग्न जुळवणं हेच ज्या सिनेमांचं काम, त्यांनी तरी यापासून पळू नये.

आमची मागणी साधी आहे. चार जोड्यांचा सिनेमा काढा, त्यातली एक जोडी आमच्या वस्तीतली असू द्या. तिला रडवू नका, मारू नका. तिला भांडू द्या, फजिती होऊ द्या, शेवटी खोली मिळू द्या. तो सिनेमा आम्ही उरवड्यात लावू आणि पोट धरून हसू.

जय भीम!