'नकुसा'चे नाव आणि घराचा हिशेब

मुलीचे नाव ठेवणे ही वरवर पाहता निव्वळ घरगुती बाब. आत्याने ते बाळाच्या कानात सांगावे, जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालावेत, घुगऱ्या वाटाव्यात आणि सोहळा संपावा. सातारा जिल्ह्यात मात्र २२ ऑक्टोबर २०११ रोजी या घरगुती बाबीत शासनयंत्रणेला लक्ष घालावे लागले. 'नकुसा' किंवा 'नकोशी' या नावाने वावरणाऱ्या २८५ मुली शोधून त्यांचे जाहीर समारंभात पुन्हा बारसे करण्यात आले. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. ज्या जिल्ह्यातील नायगावी १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या, त्याच जिल्ह्यावर एकशे ऐंशी वर्षांनी ही वेळ यावी, याची खंत कोणासही वाटेल. तथापि खंत वाटून प्रश्न सुटत नाही.

हे नाव पडते कसे? पहिल्या मुलीचे नाव हौसेने ठेवले जाते, दुसरीचेही बहुधा बरे असते. तिसरी किंवा चौथी जन्मली की घरातील वडीलधारी मंडळी तिला 'नकुसा' म्हणतात. आता मुली पुरेत हा निरोप दैवापर्यंत पोहोचावा आणि पुढचा मुलगा व्हावा, अशी त्यामागे समजूत. आपल्याकडे मुलांचीही नावे दगडू, धोंडू अशी ठेवली जात. पण त्यामागे नवसासायासाने झालेल्या पोरावर कोणाची दृष्ट पडू नये ही माया असे. मुलगा हवा असतो म्हणून त्याला दगड म्हणावयाचे, आणि मुलगी नको असते म्हणून तिला नकुसाच म्हणावयाचे! शाळेच्या हजेरीपटावर रोज सकाळी हाच शब्द मोठ्याने वाचला जातो आणि त्या पोरीला 'हजर' म्हणावे लागते. तेव्हा २०११ चा उपक्रम योग्यच होता, यात शंका नाही.

परंतु या नावाला केवळ अडाणीपणाचे लक्षण मानून सुशिक्षितांनी हात झटकू नयेत. ज्या घराने मुलीला नकुसा म्हटले, त्या घराने तिला निदान जन्मू दिले. ज्यांनी सोनोग्राफीचा आधार घेतला, त्यांच्या नकोशीला नाव ठेवण्याची वेळच आली नाही. तिची नोंद फक्त जनगणनेच्या वजाबाकीत सापडते. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या. शेजारच्या सांगली जिल्ह्यात २००१ साली हा आकडा ८५१ होता. साखर कारखाने, द्राक्षबागा, महाविद्यालये आणि दवाखाने असलेला हा जिल्हा. दारिद्र्याची सबब येथे कशी चालावी? गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, म्हणजे केंद्राच्या सहा वर्षे आधी केला. तरीही २०१७ साली मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. एका मुलीला शब्दकोश चाळून सुंदर नाव देणारे आणि दुसरीला येऊच न देणारे घर नकुसाच्या घरापेक्षा पुढारलेले आहे काय?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही घरांचा हिशेब एकच आहे. ज्याला निवृत्तिवेतन नाही त्या शेतकऱ्याचा म्हातारपणीचा विमा म्हणजे मुलगा. मुलगी म्हणजे लग्नाचा खर्च, हुंडा, आणि तिच्या श्रमाचे फळ दुसऱ्या घरी. हिशेब निष्ठुर आहे, पण निराधार नाही. म्हणूनच उपदेशाने तो बदलत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. प्रत्यक्षात वडील गेल्यावर वारस म्हणून बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढतात आणि अनेकदा हक्कसोडपत्रावर सही होऊन ती उतरतात. भाऊबीज टिकावी म्हणून बहीण सही करते, असे म्हणण्याची पद्धत आहे. हजेरीपटावरचे नाव बदलणे एका समारंभाचे काम आहे. सातबाऱ्यावरचे नाव टिकविण्यासाठी कोणी समारंभ केल्याचे ऐकिवात नाही.

शासनाच्या योजनांतही हाच हिशेब नकळत डोकावतो. २०२३ साली जाहीर झालेल्या 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबातील मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये देण्याचे ठरले. हेतू स्तुत्य, परंतु लाभ ठेवला एक किंवा दोन मुलींपुरता. लोकसंख्येच्या दृष्टीने या अटीचे समर्थन करता येईल. पण नकुसा होते ती तिसरी किंवा चौथी, आणि तीच येथे बाहेर राहते. जिला घर नको म्हणते तिला योजनेनेही मोजू नये, हा योगायोग विचारात पाडणारा आहे.

नावाच्या पहिल्या भागाची ही कथा. मधल्या भागाकडे शासन २०२४ साली वळले. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या अपत्याची नोंद स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने करावी, असे त्या वर्षीच्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने ठरविले. मुलगा होत नाही म्हणून जिला बोल लावला जातो, त्या आईचे नाव मुलीच्या नावाला जोडूनच येणार, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र विवाहितेच्या बाबतीत त्याच निर्णयाने जुनी पद्धत कायम ठेवली: तिचे नाव, पतीचे नाव, आडनाव. मिळकतीच्या कागदावर विवाहापूर्वीचे नाव ठेवण्याची मुभा तेवढी दिली. आपल्याकडे अनेक घरांत लग्नाच्या दिवशी ताटातील तांदळात अंगठीने वधूचे नवे नाव लिहितात. तेव्हा २०२४ साली नोंदविलेले आईचे नाव मुलीच्या लग्नापर्यंत सोबत करील. त्यानंतर तिला ते ठेवता येईल तर केवळ मिळकतीच्या कागदावर, आणि तेही मिळकतीत तिचा वाटा शिल्लक असेल तर.