मुळांची सोयरीक



गतवर्षी पावसाळ्यात एका शाळेतील मुलांपुढे चार शब्द बोलण्याचा योग आला. अरण्यातील वृद्ध वृक्ष जमिनीखालच्या बुरशीच्या तंतूंवाटे आपल्या रोपट्यांना अन्न पोहोचवितात, संकटाची वर्दी देतात, इतकेच नव्हे तर आपली संतती कोणती हेही ओळखतात, असे मी मोठ्या रंगात येऊन सांगितले. मुले तल्लीन झाली होती. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि तिने नम्रपणे विचारले, "सर, झाडाला आपले रोप ओळखता येते, हे कसे शोधून काढले?" मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मी जे सांगितले ते मी वाचलेले होते, तपासलेले नव्हते. त्यानंतरचे काही महिने सवड मिळेल तसा मी या विषयाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. त्या मुलीचे देणे माझ्याकडे राहिले आहे. आणि तशीच कथा आपणांपैकी कित्येकांनी आपल्या मुलांना सांगितली असेल, म्हणून ते येथेच फेडतो.

प्रथम ही बुरशी म्हणजे काय ते पाहू. पावसाळ्यात रानात जी भूछत्रे उगवतात ती बुरशीची केवळ फळे होत. तिचा खरा देह जमिनीखाली असतो, आणि तो केसाहूनही बारीक अशा तंतूंचा बनलेला असतो. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावर प्रशियाच्या सरकारने एक व्यावहारिक काम सोपविले होते : ट्रफल नावाची, जमिनीखाली वाढणारी मौल्यवान अळंबी आपल्याकडे पिकविता येईल काय, ते पाहावे. त्या शोधात असता, वृक्षांच्या मुळांची टोके बुरशीच्या आवरणाने मोजा घातल्याप्रमाणे वेढलेली असतात, हे त्याच्या ध्यानी आले. विशेष हे की ती झाडे निरोगी होती. १८८५ साली त्याने या जोडीला 'मायकोरायझा' असे नाव दिले. ग्रीक भाषेतील कवक आणि मूळ या दोन शब्दांचा तो समास आहे. हा रोग नसून सहजीवन आहे, हे त्याचे म्हणणे त्या काळच्या अनेक विद्वानांना मुळीच पटले नाही. पुढे त्याने पाइन वृक्षाची रोपे काही निर्जंतुक केलेल्या मातीत आणि काही नैसर्गिक मातीत वाढविली. बुरशीची सोबत लाभलेली रोपेच अधिक जोमाने वाढली.

आज या सोयरिकीविषयी शंका राहिलेली नाही. झाड सूर्यप्रकाशात तयार केलेल्या साखरेचा काही भाग बुरशीला देते. बुरशी आपले तंतू मुळांना पोहोचता येणार नाही अशा मातीच्या कणाकणांत धाडते आणि तेथून पाणी, नत्र व स्फुरद आणून झाडाला देते. पृथ्वीवरील सुमारे ९० टक्के वनस्पती-जाती अशा प्रकारे कोणत्या ना कोणत्या बुरशीशी बांधलेल्या आहेत. स्कॉटलंडमधील रायनी येथे सापडलेल्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही वनस्पतीच्या पेशींत शिरलेली बुरशी दिसते. मुळे आजच्यासारखी विकसित होण्यापूर्वीपासूनच हा संसार चालू आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता ज्या विदुषीच्या संशोधनावरून माझे भाषण रचलेले होते, तिच्याकडे वळतो. सुझॅन सिमार्ड यांचा जन्म १९६० साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात झाला. त्यांचे पूर्वज घोड्यांच्या साहाय्याने ओंडके ओढून नेणारे लाकूडतोडे होते. त्या लहान असताना जिग्स नावाचा कुत्रा रानातील शौचकूपात पडला. त्याला बाहेर काढण्यासाठी आजोबा फावडे घेऊन माती उकरू लागले, आणि त्या खळग्याच्या कडेला मुळांचे जाळे, त्याखाली पांढरे तंतू, त्याखाली तांबडी-पिवळी माती असे थरावर थर उघडे पडले. ते पाहून त्या बालिकेच्या मनात जे कुतूहल जागे झाले, त्यातूनच पुढे आपण शास्त्रज्ञ झालो, असे त्या सांगतात. कुत्राही सुखरूप बाहेर निघाला.

वनशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या प्रथम एका लाकूड कंपनीत आणि नंतर प्रांताच्या वनखात्यात काम करू लागल्या. तेथील रीत अशी होती की, जुने अरण्य संपूर्ण तोडावे, त्या जागी डग्लस फरसारखी किमती लाकडाची रोपे ओळीने लावावीत, आणि त्यांच्या आड येणारी इतर झाडे तणनाशक फवारून मारावीत. बर्च, म्हणजे आपल्या हिमालयातील भूर्जाचा भाऊबंद, हा त्या दृष्टीने तणच होता. परंतु सिमार्ड यांना असे दिसले की, शेजार नाहीसा झाल्यावर काही ठिकाणी फरच्या रोपांना मुळे कुजविणाऱ्या रोगाने अधिकच ग्रासले. शत्रू समजून ज्याला मारले, तो शेजारी आधार तर नव्हता ना?

या शंकेच्या निरसनासाठी अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या पीएच. डी.च्या अभ्यासात त्यांनी एक प्रयोग मांडला. बर्च, फर आणि सीडर यांची रोपे रानात शेजारी शेजारी लावली. बर्च आणि फर यांच्या मुळांवर एकाच प्रकारची बुरशी वाढते. सीडरची बुरशी निराळी. मग रोपांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून बर्चच्या पिशवीत किरणोत्सर्गी कर्ब असलेला वायू आणि फरच्या पिशवीत दुसऱ्या, जड कर्बाचा वायू सोडला. कामाच्या पहिल्याच दिवशी एक अस्वलीण आपल्या पिल्लासह आली आणि तिने साऱ्यांना पळवून लावले. पण प्रयोग पार पडला. बर्चने घेतलेला कर्ब फरमध्ये आणि फरने घेतलेला बर्चमध्ये सापडला. हिशेब केला असता फरचा निव्वळ लाभ, प्रकाशसंश्लेषणाने घेतलेल्या त्या खुणेच्या कर्बाच्या सरासरी ६ टक्के भरला. फरवर सावली केली की या देण्याघेण्याच्या प्रमाणात फरक पडे. सीडरमध्येही कर्ब आढळला, पण अल्प.

ऑगस्ट १९९७ मध्ये 'नेचर' या विख्यात नियतकालिकाने हा निबंध प्रसिद्ध केला. त्यावर सहा संशोधकांची नावे होती. त्यांपैकी एक नाव मेलनी जोन्स या विदुषीचे होते. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. नियतकालिकाने संगणकांच्या विश्वव्यापी जाळ्याच्या धर्तीवर या शोधाला 'वुड वाइड वेब', म्हणजे अरण्यव्यापी जाळे, अशी आकर्षक उपाधी दिली आणि ती जगभर पसरली.

२००२ साली सिमार्ड ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करू लागल्या. २०१० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० मीटर लांब-रुंद वनखंडातील बुरशीचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात एक मोठा वृक्ष इतर ४७ वृक्षांशी समान बुरशीने जोडलेला आढळला. अशा वृक्षांना त्यांनी 'माता वृक्ष' हे नाव दिले. २०१५ मध्ये, वृक्षतोड करताना किती जुने वृक्ष राखले असता नवे वन नीट उभे राहते, हे निरनिराळ्या हवामानांतील वनांत पाहण्याचा मोठा प्रयोग त्यांनी आरंभिला. २०२१ साली त्यांचे आत्मकथनपर पुस्तक निघाले आणि माता वृक्ष घराघरांत पोहोचला. माझे भाषण याच वाटेने त्या शाळेपर्यंत गेले होते.

येथून पुढचा भाग मला ठाऊक नव्हता. २०२३ च्या फेब्रुवारीत जस्टीन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तीन शास्त्रज्ञांनी एक चिकित्सक निबंध प्रसिद्ध केला. होय, १९९७ च्या निबंधावर सही करणाऱ्या त्याच मेलनी जोन्स! तिघांचेही आयुष्य मुळे आणि बुरशी यांच्या अभ्यासात गेलेले. त्यांनी वनांत झालेले प्रयोग पुन्हा तपासले आणि लोकप्रिय झालेल्या तीन विधानांना कितपत पुरावा आहे ते पाहिले.

पहिले विधान असे की, अशी जाळी अरण्यांत सर्वत्र पसरलेली आहेत. यावर ते म्हणतात की, असे नकाशे फारच थोड्या वनांचे तयार झाले आहेत. शिवाय दोन झाडांच्या मुळांवर एकच बुरशी सापडली, एवढ्यावरून त्यांच्यामधील तंतू आजही अखंड आहे, असे सिद्ध होत नाही. दुसरे विधान असे की, या जाळ्यातून अन्न मिळून रोपे चांगली वाढतात. यावर त्यांचे उत्तर असे की, कर्ब मातीतूनही झिरपू शकतो; सीडरमध्ये तो थोडा का होईना सापडलाच होता. मुळांत सापडलेला कर्ब झाडाच्या उपयोगी पडला की मुळांवरील बुरशीच्याच देहात राहिला, हेही वेगळे करावे लागते. काही प्रयोगांत शेजाराने रोपांना लाभ झाला, काहींत हानी झाली, काहींत काहीच झाले नाही. तिसरे विधान असे की, वृद्ध वृक्ष आपली संतती ओळखून तिलाच अधिक पोसतात आणि संकटाची सूचना देतात. याला अरण्यात प्रत्यक्ष केलेल्या एकाही प्रसिद्ध प्रयोगाचा आधार त्यांना आढळला नाही.

माझ्या भाषणात टाळ्या पडल्या होत्या त्या नेमक्या या तिसऱ्या विधानाला!

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही अतिशयोक्ती केवळ वर्तमानपत्रांनी केलेली नव्हती. शास्त्रज्ञांच्या स्वतःच्या लेखनातच अनुकूल निष्कर्षांचे दाखले पुनःपुन्हा दिले जात होते आणि प्रतिकूल निष्कर्ष मागे पडत होते. मूळ निबंधात "शक्य आहे" असे असे. दुसऱ्याच्या लेखात ते "दिसते" होई. तिसऱ्याच्या लेखात "सिद्ध झाले आहे" होई. गावात एखादी वार्ता घरोघर फिरताना जशी फुगते, तशीच ती विद्वानांच्या दालनांतही फुगते, हे कबूल करण्यास धैर्य लागते. ज्या कामामुळे आपलेही नाव झाले, त्याच कामावर उभारलेले मजले मोजून पाहावयास जोन्स पुढे झाल्या, हे त्या धैर्याचे उदाहरण होय.

सिमार्ड यांनी आपली बाजू सोडलेली नाही. अरण्य हे एकसंध आहे. त्याचे तुकडे करून एकेक तुकडा तपासल्यास त्याचे खरे स्वरूप हाती लागत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांचा हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या काळी बर्च हे तण मानून मारले जात होते, त्या काळी नोकरीत असताना त्यांनी ते चूक असल्याचे सांगितले, ही त्यांची कामगिरी कोणी हिरावून घेऊ शकत नाही. जुने वृक्ष राखावेत या त्यांच्या आग्रहाला मातृत्वाच्या कथेची गरजही नाही. जुना वृक्ष बी देतो, सावली देतो, रोपांचे थंडीपासून रक्षण करतो आणि आपल्या मुळांवर बुरशी जिवंत ठेवतो. एवढी कारणे त्याला राखावयास पुरेशी आहेत.

वाचकहो, या साऱ्यातून मी स्वतःपुरता एक धडा घेतला आहे. जी गोष्ट आपल्याला आवडत नाही, ती आपण दहा वेळा तपासतो. जी आवडते, ती मात्र न तपासताच पुढच्याच्या हाती देतो. वास्तविक आवडत्या गोष्टीचीच अधिक चौकशी केली पाहिजे, कारण तिच्याविषयी आपला डोळा सैल असतो. झाड मातेप्रमाणे मायाळू आहे, हे ऐकून आपले मन सुखावते. पण ते मायाळू असले तरच आपण त्याची राखण करणार काय? आणि उद्या ती माया खोटी ठरली, तर ज्या मुलांना आपण ती कथा सांगून झाडे जपावयास शिकविले, ती मुले झाडांवरचाही विश्वास गमावून बसतील आणि आपल्यावरचाही.

येत्या पावसाळ्यात त्या शाळेत पुन्हा जाण्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडून मागून घेतली आहे. त्या मुलीला मी सांगणार आहे, "बाळ, गेल्या वेळी मी तुझ्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. अरण्यात हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. झाड आणि बुरशी यांची सोयरीक खरी आहे, फार जुनी आहे, आणि तिच्यावाचून रान उभे राहणार नाही. त्यापुढचे शोधावयाचे आहे." कदाचित ती शोधीलही. तिचा प्रश्न ऐकल्यावर मला तरी तसे वाटते.