आजारी बाईचा एक तास



बारामतीच्या लता करे तुम्हाला आठवत असतील. 2013 च्या डिसेंबरात साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी तीन किलोमीटर धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. बक्षीस पाच हजारांचं होतं. बुलढाणा जिल्ह्यातून पोट भरायला आलेलं कुटुंब, नवरा आजारी आणि तपासणीला पैसे नाहीत, म्हणून ती धावली. पुढेही ती धावत राहिली, सलग तीनदा जिंकली. 2020 मध्ये तिच्यावर चित्रपट आला, त्यात तिनं स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा खास उल्लेख झाला. (आपल्याकडे तीन किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात. खरी मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. पण साडी सावरत अनवाणी धावणाऱ्या बाईसमोर हा हिशोब मांडायला मला तरी जमणार नाही.)

ही गोष्ट आपल्या ग्रुपवर कितीदा फिरली असेल आणि खाली किती हात जोडले गेले असतील! मीही जोडले. पण तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. तीच बाई नवऱ्याच्या नाही, स्वतःच्या दुखण्यासाठी धावली असती तर आपण हात जोडले असते का?

हे सुचण्याचं कारण घरातलंच आहे. माझ्या धाकट्या जावेला सात वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. गोळ्या अजून चालू आहेत. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत ती ओट्यापाशी उभी राहून चार-चार तास काम करायची, पंचवीस-तीस पोळ्या लाटायची. तेव्हा "किती हिमतीची आहे" असं सगळे म्हणायचे. "बस गं जरा" असं म्हणणारं कोणी नव्हतं. उपचार संपल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता ती धावायला लागली. आता चार वर्षं झाली, दर जानेवारीत मुंबईला दहा किलोमीटर धावते, पावसाळा संपला की आणखी एखादी शर्यत. यंदा तिनं एकवीस किलोमीटरला नाव दिलं आणि घरात एकदम सगळ्यांना तिचा आजार आठवला. "एवढं मोठं दुखणं झालंय, आता गप घरात बसावं," "शरीराला ताण देऊन उगाच परत काही उद्भवलं तर?" आणि अर्थात, "लोक काय म्हणतील?"

म्हणजे पोळ्यांनी ताण येत नाही आणि धावण्यानं येतो! पापड लाटताना, पाहुण्यांचं करताना, लग्नघरात पहाटेपासून उभं राहताना बाई बरी झालेली असते. बूट घातले की ती पुन्हा रोगी होते.

मी बी.कॉम. झालेली बाई, मला आकडे पाहिल्याशिवाय पटत नाही. जून 2025 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो झालेले 889 रुग्ण त्यात होते, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना चांगल्या सवयींची माहितीपुस्तिका दिली. उरलेल्यांना प्रशिक्षक देऊन तीन वर्षं नेमानं व्यायाम करवला. पाच वर्षांनी पाहिलं तर व्यायाम करणाऱ्यांपैकी शंभरात 80 जण रोग न उलटता बरे होते, पुस्तिका मिळालेल्यांत 74. आठ वर्षांनी हयात असलेले 90 आणि 83. (दशांश मी सोडून दिले आहेत.) शंभरामागे सात माणसं! कुठल्याही औषधाच्या कंपनीनं यावर केवढी जाहिरात केली असती. आणि व्यायाम काय, तर आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊणएक तास झपझप चालण्याइतका. तोटाही लिहिला आहे. व्यायाम करणाऱ्यांना स्नायूंची, सांध्यांची दुखणी जास्त झाली. हा अभ्यास आतड्याच्या कर्करोगाचा आहे, सगळ्या रोगांना तो तसाच लावता येणार नाही, हेही खरं. पण "गप बसावं" या सल्ल्याच्या बाजूनं असा एखादा अभ्यास कोणी मला दाखवावा.

धावणाऱ्या रुग्णांत सगळ्यांना माहीत असलेलं नाव कॅनडाच्या टेरी फॉक्सचं. हाडाच्या कर्करोगात पाय गेला. 1980 मध्ये तो कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन, असे 143 दिवस, 5,373 किलोमीटर. मग रोग फुप्फुसांत पोचला, थांबावं लागलं, आणि पुढच्या जूनमध्ये तो गेला. वय 22. त्याच्या नावानं अजून जगभर दौडी होतात, मुंबईतही झाल्या आहेत. त्याला माझा नमस्कार. पण माझ्या जावेनं कोणाकडे पाहावं असं मला विचाराल तर मी डॉन राइट यांचं नाव सांगेन. अमेरिकेत मिनेसोटात राहणारे गृहस्थ. 2003 मध्ये, साठी उलटल्यावर, पहिली मॅरेथॉन धावले आणि लगेचच मल्टिपल मायलोमा निघाला. म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेचा कर्करोग. गोळ्या घेत घेत ते धावत राहिले, आणि डिसेंबर 2012 मध्ये होनोलुलूला त्यांचं पन्नासावं राज्य पूर्ण झालं. बायको आणि मुलगी बरोबर असायच्या. यात रडायला लावणारं काही नाही, म्हणून त्यांचा फॉरवर्ड आपल्याला येत नाही. गोळी, झोप, सराव, शर्यत, पुन्हा गोळी. मला हेच आवडतं. वर्षीतप करणाऱ्या बाईचं मोठेपण पारण्याच्या मिरवणुकीत दिसतं, पण ते घडतं अधल्यामधल्या साध्या दिवसांत, कोणी बघत नसताना.

तपाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरांतली खरी अडचण सांगते, कारण ती बाहेरच्या कुठल्या धावण्याच्या पुस्तकात सापडायची नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्यावर 48 मिनिटं धरली तर नवकारसी येते आठ वाजून गेल्यावर. मुंबईची अर्धी मॅरेथॉन अंधारातच सुटते. आदल्या संध्याकाळी चौविहार केलेला असेल तर पाण्याचा थेंब न घेता रात्र काढून बाई दोन-अडीच तास धावणार. धडधाकट माणसानंही असं करू नये, मग औषधं चालू असलेल्या बाईनं तर नाहीच नाही. माझ्या जावेनं यावर सरळ मार्ग काढला. शर्यतीच्या आणि लांब सरावाच्या दिवशी ती नवकारसीचं पच्चक्खाण घेतच नाही, बाकी दिवशी घेते. आयंबिलच्या ओळीत नऊ दिवस धावणं बंद, फक्त सावकाश चालणं. काहींना हे पटलं नाही. मला पटलं. घेऊन मोडण्यापेक्षा न घेणं प्रामाणिकपणाचं. आणि ज्यांनी पच्चक्खाणं बांधून दिली त्यांनी आगारही ठेवले आहेत, आजारी माणसाचा विचार त्यांनी आपल्याआधी केला होता. मधुमेहाच्या बायकांनी तर उपवास आणि दौड एका दिवशी आणूच नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी हवी, कारण धावताना साखर झपकन खाली येते.

पायांबद्दलही सांगायचं आहे, आणि ते मी नेऱ्यात राहून शिकले. आमच्या गावात कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे, पनवेलच्या बऱ्याच जणी तिथे जाऊन आल्या असतील. कुष्ठरोगात नसा मरतात, तळवा बधिर होतो. काटा रुतला, बूट चावला तरी कळत नाही, माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून अशा माणसाला चालू नको असं सांगत नाहीत. त्याला मऊ रबराच्या तळाची चप्पल देतात आणि रोज संध्याकाळी तळवे बघायला शिकवतात. जुन्या मधुमेहातही पाय असेच बधिर होतात. आपल्यात अनवाणी देरासरला जाणाऱ्या, विहारात म. सा. सोबत अनवाणी चालणाऱ्या मधुमेही बायका मी पाहते आणि माझं लक्ष त्यांच्या टाचांकडे जातं. चाला, जरूर चाला, पण रात्री आरसा धरून तळवे बघा. वाकता येत नसेल तर सुनेला बघायला सांगा, लाजू नका.

कोणी कधी धावू नये, हे मात्र डॉक्टरांकडूनच ऐकायचं. ताप असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार उतरले असतील, रोग हाडात गेला असेल, छातीत दुखत असेल, तर तिथे उत्साहाचं काम नाही. विचारताना "व्यायाम करू का?" असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघमच येतं. किती मिनिटं, आठवड्यातून किती दिवस, कुठे थांबायचं, असं कागदावर लिहून न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच हळू चालते, मग मनगटावरच्या घड्याळाचे आकडे फसवतात. साधी खूण सांगते. शेजारणीशी बोलता यावं, पण स्तवन गाता येऊ नये, इतक्या वेगानं चालायचं.

एकवीस किलोमीटर प्रत्येकीनं धावावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. मी स्वतः सकाळी मालडुंग्याच्या रस्त्यानं थोडं पुढे जाऊन परत येते, तेवढं मला पुरतं. माझं भांडण किलोमीटरसाठी नाही, तासासाठी आहे. आजारी पुरुषाच्या चालण्याच्या वेळा घर सांभाळतं, त्याचा चहा, त्याचे बूट, त्याची परतायची वेळ. आजारी बाईला तो तास डबे, देवपूजा आणि पाण्याची वेळ यांच्यातून चोरावा लागतो. सामायिकाला बसलेल्या बाईला 48 मिनिटं कोणी हाक मारत नाही, दारावरची घंटा वाजली तरी दुसरं कोणीतरी उठतं. म्हणजे घराला हे जमतं. मग डॉक्टरांनी औषध म्हणून लिहून दिलेला तासही तसाच पाळायला काय हरकत आहे?

जावेच्या एकवीस किलोमीटरला तिच्या डॉक्टरांची लेखी परवानगी मिळाली आहे. सरावाचा लांब पल्ला रविवारचा, आणि रविवारी सगळे घरी, सगळ्यांना गरम नाश्ता हवा. त्यावर परवा बराच वाद झाला. शेवटी माझे दीर म्हणाले, मी पोहे करतो. कांदा नाही, बटाटा नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही उरत नाही. पहिल्या रविवारचे थोडे कोरडे झाले होते.