हेगच्या फाटकापाशी काढलेला फोटो

माझी धाकटी भाची कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुटीत तिच्या महाविद्यालयाची शैक्षणिक सहल युरोपला गेली होती. परत आल्यावर तिने मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. मागे पीस पॅलेसचा उंच मनोरा, पुढे लोखंडी फाटक आणि फाटकापाशी काळे कोट घालून उभी असलेली तीस-पस्तीस मुलं-मुली. पंचवीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करूनही ती इमारत मी बातम्यांतच पाहिलेली. साहजिकच विचारलं, "आत काय पाहिलंस?"

"आत नाही नेलं, मामू. बाहेरच्या अभ्यागत केंद्रात चाळीस मिनिटं होतो. मग बस पॅरिसला निघाली."

नऊ दिवसांच्या सहलीत चाळीस मिनिटं! तिच्या अब्बांनी त्यासाठी पतपेढीचं कर्ज काढलंय, ते अजून दीड वर्ष फिटायचं आहे.

त्याच संध्याकाळी असरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर हा विषय निघाला. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग हाजीसाहेब चिडूनच बोलले, "वकीलसाब, पोरीला तिथं पाठवून काय मिळवलं? गाझाचं काय झालं त्या कोर्टात? नेतान्याहूला पकडलं का?"

त्यांचा राग खोटा नाही. पण या दोन प्रश्नांत दोन वेगवेगळी न्यायालयं मिसळली आहेत. वर्तमानपत्रं वाचणारे शिकलेले लोकही ती मिसळतात. पीस पॅलेसमध्ये बसतं ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे फक्त देश देशाविरुद्ध उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध अर्ज केला तो इथे, डिसेंबर 2023 मध्ये, आणि 26 जानेवारी 2024 ला हंगामी आदेश निघाला तोही इथूनच. नेतान्याहूंवर नोव्हेंबर 2024 मध्ये अटक वॉरंट काढलं ते हेगमधल्याच दुसऱ्या न्यायालयाने, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने. ते माणसांवर खटले चालवतं आणि भारत त्याचा सदस्य नाही. दोघांकडेही स्वतःचे पोलीस नाहीत. मी एवढं सांगितलं तर हाजीसाहेब म्हणाले, "मग वकीलसाब, ती अदालत कसली?"

याचं उत्तर मी त्या दिवशी नीट देऊ शकलो नाही. ते इथे देतो.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना न्या. एम. सी. छागला हेगच्या त्या इमारतीत भारताच्या वतीने तदर्थ न्यायाधीश म्हणून बसले होते. (छागलांना मुसलमान मानायलाच आपल्याकडे काही जण तयार नसतात, ती चर्चा वेगळी.) खटला पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये दाखल केलेला. दादरा आणि नगरहवेली 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडक्यांसारखे मराठी स्वयंसेवक होते, हे आपल्याला शाळेपासून ऐकून माहीत असतं. पुढचं सहसा कोणी सांगत नाही. पोर्तुगालचं म्हणणं होतं की दमणहून या गावांपर्यंत भारतीय मुलखातून जाण्याचा हक्क आम्हाला आहे आणि भारताने तो अडवला. त्यांचा आधार कोणता? पेशव्यांशी 1779 मध्ये झालेला पुण्याचा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा!

म्हणजे पुणे दरबारातून निघालेला कागद पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या टेबलावर आला. त्या तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायाधीशांसमोर ठेवले गेले. मराठ्यांनी ही गावं पोर्तुगिजांना मालकीने दिली, की बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाचा नुसता सरंजाम दिला, असा वाद होता. न्यायालयाने सरंजाम मानला, सार्वभौमत्व नाही. 12 एप्रिल 1960 च्या अंतिम निकालात खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारं यांना मात्र वाट नाही. आणि भारताने जे केलं त्याने कोणतंही बंधन मोडलं नाही, असंही न्यायालयाने म्हटलं.

सरंजाम आणि सनद हे शब्द आमच्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टात इनाम जमिनींच्या दाव्यांत आजही निघतात. मराठी मुलांना आंतरराष्ट्रीय कायद्यात घुसायला याहून जवळचा दरवाजा कोणता? पण सहलीला निघण्यापूर्वी भाचीच्या वर्गात या खटल्याचं नावही कोणी घेतलं नव्हतं.

दुसरं उदाहरण कुलभूषण जाधवांचं. मूळ सांगलीकडच्या या माणसाला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली, तेव्हा भारत 2017 च्या मे महिन्यात याच न्यायालयात गेला. नागपूरच्या हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेऊन बाजू मांडली. 17 जुलै 2019 ला निकाल लागला. पंधरा न्यायाधीश एका बाजूला आणि पाकिस्तानचे तदर्थ न्यायाधीश एकटे दुसऱ्या बाजूला. तो निकाल वाचून दाखवणारे अध्यक्ष होते सोमालियाचे अब्दुलकवी अहमद युसूफ. त्या दिवशी टीव्हीवर 'भारताचा विजय' म्हणून फटाके वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते नाव वाचलं, कोण जाणे. जाधव सुटले नाहीत. पण फाशी थांबली, आणि त्याच्या देशाच्या वकिलातीला भेटू न देता परदेशी माणसाला लटकवता येत नाही, हे कागदावर पक्कं झालं.

हाजीसाहेबांना मी खरं तर तंबादूंची गोष्ट सांगायला हवी होती. अबुबकर तंबादू हे तेव्हा गांबिया या चिमुकल्या देशाचे कायदामंत्री होते. रवांडातल्या नरसंहाराच्या खटल्यांत त्यांनी अनेक वर्षं काम केलं होतं. 2018 मध्ये ते बांगलादेशातल्या कॉक्सबाजारच्या छावणीत गेले, रोहिंग्यांच्या तोंडून हकीकत ऐकली आणि हे आपण आधी कुठे ऐकलंय ते त्यांना लगेच कळलं. कारण ते शिकलेले होते. नोव्हेंबर 2019 मध्ये गांबियाने म्यानमारविरुद्ध अर्ज केला आणि जानेवारी 2020 मध्ये एकमताने हंगामी आदेश मिळवला. छावणीत मोर्चे, दुआ, बिर्याणीची पाकिटं घेऊन जाणारे पुष्कळ होते. त्यांचंही मोल आहे. पण अर्ज लिहिता येणारा माणूस तिथे पोचला, म्हणून अर्ज झाला.

आपल्या मोहल्ल्यांत इन्साफ हा शब्द दिवसातून दहादा उच्चारला जातो. जुम्म्याला गाझासाठी हात उठतात, डोळे भरतात. आणि घरात बारावीला चांगले गुण पडलेल्या पोराला आपण सांगतो, वकिली नको, त्यात खोटं बोलावं लागतं. मुलीला तर तेही सांगत नाही. हे मी स्वतःच्या घरातही ऐकलं आहे. भाचीच्या प्रवेशाच्या वेळी माझ्या आईने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

म्हणून सहलीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो फोटोसाठी दोन-अडीच लाख घेण्याला. ज्याचे अब्बा रिक्षा चालवतात तो मुलगा त्या बसमध्ये नव्हताच. या न्यायालयाच्या सुनावण्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात, निकाल आणि युक्तिवाद त्याच्या संकेतस्थळावर उघडे पडलेले आहेत. एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि आधी वाचून आलेला एक शिक्षक, एवढ्यावर तालुक्याच्या गावी हेग दाखवता येतं. मग ज्याला जायचं त्याने खुशाल जावं. महाविद्यालयांनीही सुनावणीची तारीख बघून सहल आखावी, ट्युलिपचा हंगाम बघून नाही.

गेल्या तीन रविवारांपासून भाची आमच्या मशिदीशेजारच्या वाचनालयात दादराचा निकाल मराठीतून सांगते आहे. पहिल्या रविवारी पाच जण होते, गेल्या रविवारी अकरा. हाजीसाहेब मागच्या बाकावर बसतात आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारतात, पोलीस नसलेली अदालत कसली? गेल्या वेळी तिने त्यांनाच विचारलं, "चाचा, जमातीचा निवाडा झाला की तो पाळायला पोलीस येतात का?" हाजीसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण जमातीत दोन घरं तर पाळतच नाहीत."

त्या दोन घरांचं काय करायचं, हे ती पुढच्या रविवारी सांगणार आहे. सध्या माझ्याच कपाटातली पुस्तकं उपसून बसली आहे.